मिठाची नवरी

आमच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी चुलीच्या उजव्या हाताला असे. चिनी मातीची, गळ्याशी तपकिरी आणि पोटाला पांढरट. तिच्यात खडेमीठ. पाऊस सुरू झाला की मीठ पाझरायला लागायचं, बरणीच्या बुडाशी ओलं कडं उमटायचं, आणि आजी फडक्यानं ते टिपत म्हणायची, "मिठाला समुद्राची आठवण आली."

आजीला मिठातलं कळत होतं. उरणच्या बाजूच्या खाजणात, खाडीचं पाणी बांध घालून अडवलेल्या वाफ्यांत तिनं उमेदीची वर्षं काढली होती. आम्ही आगरी, आमच्या नावातच आगर आहे. ऊन चढायच्या आत वाफ्यात धरलेलं मीठ लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ओढायचं, काठाला ढीग घालायचे, पाट्या भरून डोक्यावरून वाहायचे. टाचेच्या भेगेत मीठ शिरलं की भेग मिटत नाही. तिच्या टाचा शेवटपर्यंत तशाच राहिल्या, उन्हाळ्यात तडकलेल्या खाजणासारख्या. मिठाबाबत तिचे नेम पक्के होते. दिवेलागणीनंतर मीठ उसनं द्यायचं नाही. दिवसा द्यायचं तरी हातावर द्यायचं नाही. वाटी जमिनीवर ठेवायची, घेणाऱ्यानं ती उचलायची. हातावर दिलेल्या मिठानं भांडण होतं म्हणे.

सिगालित लांडाऊ या इस्रायली कलावंत बाईचं नाव मला कळलं ते आजी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. २०१६ साली लंडनच्या मार्लबरो कंटेम्पररी या कलादालनात तिची आठ मोठी छायाचित्रं लागली आणि जगभर फिरत फिरत माझ्या पडद्यापर्यंत येऊन पोचली. निळ्याशार पाण्याखाली एक लांब बाह्यांचा झगा उभा होता, आत बाई नसलेला. पहिल्या छायाचित्रात तो काळा होता. मग त्याच्या दोऱ्यांवर पांढरे कण दिसू लागले, मग शिवणींवर, मग चुण्यांच्या कडांवर. शेवटच्या छायाचित्रात काळेपणाचा मागमूस नव्हता; पाण्यात जणू मिठाची नवरी उभी होती. मी कितीतरी वेळ ते बघत राहिले. आजीच्या टाचांत शिरलेलं तेच हे मीठ. इथं मात्र त्यानं कुणाच्या अंगावर लग्नाचं लेणं चढवलं होतं.

मग मी या बाईच्या मागे लागले. तिचं काम जमेल तिथून, जमेल तसं बघत गेले.

लांडाऊ १९६९ साली जेरुसलेममध्ये जन्मली. शहराच्या उत्तरेच्या ज्या टेकडीवर ती वाढली, तिथून यहुदियाचं वाळवंट उतरत जाताना दिसतं आणि त्याच्या पायथ्याशी मृत समुद्राचं उत्तर टोक चमकतं. बालपणाची काही वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गेली, पण खिडकीतला तो समुद्र तिला कायमचा लागला. हिब्रूत त्याला मृत म्हणत नाहीत. ‘याम हामेलाख’ म्हणतात, मिठाचा समुद्र. पृथ्वीच्या पाठीवरची ती सगळ्यांत खोल उघडी जागा. त्याचं पाणी इतर समुद्रांच्या पातळीहून ४३० मीटरहून जास्त खाली आहे, आणि नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट. त्यात माणूस बुडत नाही, मासा जगत नाही.

त्याच्याच नैर्ऋत्येच्या काठावर सदोमचा डोंगर आहे, बराचसा मिठाचाच. बायबलातली गोष्ट तिथलीच. पापी नगरावर आग बरसत असताना लोटाचं कुटुंब पळून निघतं. मागं वळून पाहू नका अशी देवाची ताकीद असते. लोटाची बायको वळून पाहते आणि जागच्या जागी मिठाचा खांब होते. गोष्टीत तिला नावसुद्धा नाही. मला नेहमी वाटतं, जळत्या घराकडे वळून पाहणार नाही अशी बाई असते कुठे? भांडी, पाळणा, अंगणातलं झाड, शेजारीण. ती वळणारच. लांडाऊच्या घराण्यातही युरोपातल्या नरसंहारातून वाचलेल्यांच्या आठवणी होत्या. अशा घरातल्या मुलीला मागं वळण्याची निराळी आज्ञा लागत नाही. मागचं सगळं तिच्या पुढ्यातच मांडलेलं असतं.

शाळेत ती नृत्य शिकली आणि तिच्या पुढच्या सगळ्या कामाला ते पुरून उरलं. १९९० ते ९५ ती जेरुसलेमच्या बेझालेल कला अकादमीत होती, मध्ये काही महिने न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये. पण चित्र, शिल्प, नृत्य, चित्रफीत अशा वेगवेगळ्या कप्प्यांत तिला कधी राहताच आलं नाही. १९९७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि जर्मनीतल्या कासेलच्या दहाव्या डॉक्युमेंटा कलाप्रदर्शनात तिचं काम पोचलं, ते मालवाहू कंटेनरच्या रूपात. त्या पोलादी पेटीची जमीन तिनं ठोकून ठोकून तिच्यात डोंगर उठवले होते. आत शिरायचं आणि त्या उंचसखल भूमीवरून चालायचं. नाव ठेवलं होतं ‘रेसिडेंट एलियन’, म्हणजे वास्तव्याचा परवाना असलेला परका. जहाजावर चढवून कुठेही नेता येईल असा देश, आणि त्यात कुठेच आपलं नसलेलं माणूस.

त्या कंटेनरची छायाचित्रं बघताना मला आमचं गाव आठवलं. बंदर आलं, रुंद रस्ते आले, भराव पडले, आणि आजीच्या वाफ्यांच्या जागी कंटेनर रचले गेले. एकावर एक, लाल, निळे, गंजलेले. भरावाखाली अजून मीठ असेल. ठोकून पाहिलं तर तिथूनही डोंगर उठतील, आमच्या बाया डोक्यावर वाहत होत्या त्या पाट्यांएवढे.

२००० साली तिनं केलेली एक चित्रफीत दोन मिनिटांची सुद्धा नाही. तेल अविवच्या दक्षिणेला समुद्रकिनारा, सकाळचा उजेड, आणि उघड्या अंगानं उभी असलेली ती स्वतः. कमरेभोवती मुली फिरवतात तसं कडं फिरतंय. कडं काटेरी तारेचं आहे. बहुतेक काटे बाहेरच्या बाजूला वळवलेले, तरी पोटावर ओरखडे उठताना दिसतात. कॅमेरा चेहरा दाखवत नाही. मागं लाटा आपल्या लयीत येतात आणि जातात. ही चित्रफीत मी पहिल्यांदा अर्ध्यात बंद केली. दुसऱ्यांदा पुरी बघितली तेव्हा उमगलं की तिची कंबर थांबली तर तार खाली पडेल. तारेला फिरतं ठेवणारी तीच आहे. कुंपण तिनं गावाभोवती न घालता स्वतःभोवती घातलं, आणि जे जगभर माणसांना अडवतं त्याच्याशी ती नाचली. शाळेतलं नृत्य असं उपयोगी पडलं.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या ऐन भरात तिनं तेल अविवच्या एका कलादालनात ‘हाआरेत्झ’ नावाचं मांडणशिल्प उभं केलं. हाआरेत्झ म्हणजे भूमी, देश. तिथल्या एका जुन्या दैनिकाचंही नाव तेच. दक्षिण तेल अविवमधली एक गच्ची तिनं दालनात रचली. तीवर कातडी सोललेल्यासारखी, लाल स्नायू उघडे पडलेली माणसं फळं वेचत होती, वाहत होती. फळं त्याच वर्तमानपत्राच्या लगद्याची. रोज सकाळी दारात पडणाऱ्या मरणाच्या बातम्या भिजवून, मळून, त्यांची फळं केली होती. आपल्याकडे रद्दीचा लगदा करून टोपल्या थापायच्या, मेथी घालून, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. आजीचीही एक होती, तांदळाची. बातमी वाचून झाल्यावर तिचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हापासून मला सतावतो. अलीकडे त्या भूमीवरून येणाऱ्या बातम्या तर वाचवत नाहीत. गाझातली पोरं आणि आधी सीमेलगतच्या गावांतून उचलून नेलेली माणसं, दोघांचेही चेहरे एकाच पानावर येतात. ते पान माझ्या हातात तसंच राहतं.

आणि मग कलिंगडं. २००५ ची ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल! मृत समुद्राचं निळं पाणी, कॅमेरा बरोबर वर. पाण्यावर कलिंगडांचं वेटोळं तरंगतंय. ५०० कलिंगडं, २५० मीटर दोरीत ओवलेली, गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली. त्या वेटोळ्यात एका बाजूला लांडाऊ आडवी, विवस्त्र, फळांच्या मधे फळासारखी. तिचा एक हात जिथं पोचतो तिथली काही कलिंगडं फोडलेली आहेत, त्यांचा लाल गर उघडा आहे. हळूहळू कुणीतरी दोरीचं बाहेरचं टोक ओढू लागतं. वेटोळं फिरत फिरत उलगडतं. तिचीही पाळी येते, ओळीतून तीही ओढली जाते. हिरवी रेघ चौकटीबाहेर निघून जाते आणि मागं उरतं नुसतं निळं पाणी.

कलिंगडावर आपण मीठ भुरभुरवतो. तिकडे उन्हाळ्यात खारट पनीर लावून खातात, इस्रायलमध्येही आणि पॅलेस्टाइनमध्येही. फळ तेच, मीठ तेच. लाल, हिरव्या, काळ्या, पांढऱ्या रंगांमुळे कलिंगड पॅलेस्टिनी लोकांची खूण झालं आहे. त्यांच्या झेंड्याचे रंग तेच. म्हणून आज ती चित्रफीत पाहणाऱ्याला आणखी काही दिसतं. मला फोडलेल्या फळांकडे पसरलेला तिचा हात दिसतो. जखमेवर मीठ चोळणं आपल्या बोलीत क्रूरपणाची खूण. पण उघडी जखम घेऊन खाऱ्या पाण्यात स्वतः उतरायचं, आणि जे जखमी आहे त्याच्या बाजूलाच आपला हात ठेवायचा, याला आपल्या बोलीत शब्द सापडला नाही मला.

तिथून पुढं मीठच तिचा सोबती झालं. काटेरी तारेचे दिवे करून तिनं मृत समुद्रात बुडवले. बाहेर काढले तेव्हा एकेका काट्यावर स्फटिकांचे घोस लागले होते आणि तार झुंबरासारखी झाली होती. २००८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते लागले. मग मासेमारीची जाळी, बूट, नर्तकीचा घेरदार झगा. रीत साधी वाटते. वस्तू चौकटीला बांधायची, ऐन उन्हाळ्यात पाण्यात सोडायची आणि थांबायचं. पाण्यात मुळातच मावेल तेवढं मीठ असतं. ऊन पाणी ओढून घेतं आणि मिठाला बसायला जागा हवी असते. खरबरीत दोरा, काटा, चामड्याची कड मिळाली की ते तिथं धरतं. मग मिठावर मीठ. आमच्या खाजणात मीठ जमिनीवर धरायचं, तिथं ते आठवणींवर धरतं. वस्तू इतकी जड होते की ती बाहेर काढायला माणसांची फौज लागते. घडवणारा समुद्र असतो. तिनं फक्त काय बुडवायचं आणि कधी काढायचं ते ठरवायचं. हे ‘फक्त’ किती मोठं असतं ते मिठागरावरच्या बायांना विचारावं. दोन दिवस आधी ओढलं तर दाणा बारीक, वळवाचा शिडकावा आला तर महिन्याची मेहनत पाण्यात.

त्या नवरीच्या झग्यालाही एक गोष्ट आहे. यिडिश आणि हिब्रू रंगभूमीवर ‘डिब्बुक’ नावाचं एस. आन्स्कीचं नाटक फार गाजलं. दोन मित्र आपल्या न जन्मलेल्या लेकरांची सोयरीक ठरवतात, पोटाला कुंकू लावून ठरवावी तशी. पुढं मुलीचा बाप शब्द मोडतो, श्रीमंत घर बघतो. गरीब विद्यार्थी खोनेन तडफडून मरतो, आणि लग्नाच्या दिवशी त्याचा आत्मा नवरी झालेल्या लिआच्या अंगात शिरतो. मंत्रतंत्र होतात, आत्मा काढला जातो, पण लिआ अखेर त्याच्याच मागे जाते. १९२२ मध्ये मॉस्कोत हबिमा नाट्यसंस्थेनं ते हिब्रूत केलं. हाना रोव्हिना लिआ झाली आणि ती भूमिका तिच्या नावाला कायमची चिकटली. त्या पोशाखावर बेतलेला काळा झगा लांडाऊनं २०१४ मध्ये दोनेक महिने मृत समुद्रात उभा ठेवला. छायाचित्रकार योतम फ्रॉम अंगावर जड वजनं बांधून खाली उतरत राहिला, कारण ते पाणी माणसाला खाली जाऊच देत नाही.

शब्द बापानं मोडला आणि झपाटली मुलगी. तिचं न झालेलं लग्न शंभर वर्षांनी मिठानं लावलं. लोटाच्या बायकोला मिठानं शिक्षा दिली होती. लिआला त्यानं लेणं दिलं. मागं वळून पाहण्याची शिक्षा म्हणजे मीठ, आणि मागचं नासू न देण्याचा उपायही मीठच. लांडाऊचं सगळं काम मला या एका गोष्टीपाशी आणून सोडतं. आपण दुःख विसरायला सांगतो, नाहीतर ते भळभळत ठेवतो. खारवलेल्या कैरीसारखं, सुकवलेल्या बोंबलासारखं ते मिठात घालून पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवता येतं, हे मला या बाईनं दाखवलं. आजीला ते हातानं येत होतं.

पण मिठावर भाबडा विश्वास तिनं ठेवलेला नाही. २०११ मध्ये व्हेनिसला इस्रायलचं दालन तिच्या एकटीकडे होतं. त्यातल्या एका कामासाठी मिठानं मढलेले बूट तिनं पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या एका गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवले. दुसऱ्या महायुद्धाची पहिली आग लागली ते हे शहर. जवळच्या श्टुटहोफ छळछावणीच्या जागी छळछावण्यांतल्या बळींचे बूट आजही जपलेले आहेत. तळ्यावर बर्फ, बर्फावर मिठाचे बूट. मीठ बर्फ वितळवतं. बुटांखाली हळूहळू भोक पडतं आणि बूट पाण्यात बुडतात. ज्या मिठानं त्यांना जपलं, तेच त्यांना बुडवतं. त्याच प्रदर्शनात टेबलाभोवती माणसं मृत समुद्रावर इस्रायल ते जॉर्डन असा मिठाचा पूल बांधण्याची चर्चा करत असतात, आणि टेबलाखाली बसलेली एक लहान मुलगी त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधत असते. पूल झालेला नाही. नाड्यांच्या त्या गाठी मात्र मला पुलाइतक्याच खऱ्या वाटतात. उठायचं असेल तर सगळ्यांनी एकदम उठावं लागेल.

आणि तो समुद्रच आता ओसरतो आहे. जॉर्डन नदीचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणी इस्रायल, जॉर्डन आणि सीरियानं वरच्यावर वळवलं. दक्षिणेकडे दोन्ही काठांवरचे कारखाने खनिजांसाठी पाणी वाफवतात. पातळी दरवर्षी मीटरभराहून जास्त उतरते. मागं हटलेल्या पाण्याखालचे मिठाचे थर गोड्या पाण्यानं विरघळतात आणि वरची जमीन खचते. अशी हजारो विवरं काठाला पडली आहेत. रस्ते, खजुराच्या बागा, न्हाण्याचे किनारे त्यांनी गिळले. जिला हा समुद्र वर्षानुवर्षं वस्तू जपून देत आला, तिच्या डोळ्यांदेखत तो स्वतः जातो आहे. मग तिचं काम त्या समुद्राचीच नोंद होतं. झग्यावर बसलेला थर म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यातलं त्याचं पाणी.

त्या समुद्राच्या पश्चिमेला वाळवंटात दिमोना नावाचं गाव आहे, १९५५ मध्ये मुख्यतः मृत समुद्रावरच्या कारखान्यांच्या कामगारांसाठी वसवलेलं. तिथं आमच्या रायगडातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आडनावं त्या वाळूत नांदतात, आणि म्हाताऱ्या अजून मराठी बोलतात. त्यांच्या हिब्रूत एक गंमत आहे. ‘मेलाख’ म्हणजे मीठ आणि ‘लेखेम’ म्हणजे भाकरी; दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांचे, फक्त क्रम बदललेला. कोकणातून गेलेल्या एखाद्या बाईला ते पहिल्यांदा कळलं असेल तेव्हा तिला नवल वाटलं नसेल. मीठभाकर तिनं नेहमी एका दमातच म्हटलेलं. पण ‘मिल्खामा’, म्हणजे युद्ध, हा शब्दही त्या भाकरीच्याच धातूतला. तिथं एका ताटात काय काय वाढलेलं असतं.

ती नवरी आमच्याकडे आली तर काय होईल, असा विचार मी पावसाळ्यात करते. मृत समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम खूप, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या जुलैमध्ये झगा पाझरायला लागेल. आधी बाह्यांच्या टोकांशी थेंब जमतील, मग घेराखाली ओलं कडं उमटेल. पांढऱ्यातून काळं डोकावू लागेल. मिठाला समुद्राची आठवण येईल.

आजीची बरणी आता माझ्या ओट्यावर आहे. काल शेजारची सून वाटी घेऊन आली. मी खडेमीठ घातलं, वाटी जमिनीवर ठेवली आणि हात मागे घेतला. तिनं वाकून ती उचलली.